ईश्वरी प्रेरणेचा विवेक
अंतःकरणात उठणाऱ्या प्रेरणांपैकी ईश्वराची कोणती आणि स्वतःच्या वासनेची कोणती, हे पारखून तदनुसार वागण्याची ख्रिस्ती साधना. पांपलोनाच्या वेढ्यात १५२१ मध्ये जायबंदी होऊन अंथरुणास खिळलेल्या इग्नेशियस लोयोलास, पराक्रमाची स्वप्ने रंगवून झाल्यावर मन शुष्क होते, परंतु संतचरित्रांच्या चिंतनानंतर प्रसन्नता टिकून राहते, असा जो अनुभव आला, त्यातूनच पुढे त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील विवेकाचे नियम सिद्ध झाले. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी ग्रंथास मंजुरी दिली. मन उदास असता पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा विवेकाच्या नियमांतील सर्वांत व्यवहारी नियम होय. ओळखलेल्या ईश्वरी प्रेरणेनुसार वागण्याचे उदाहरण फ्रान्सिस झेवियर या इग्नेशियसच्या सहकाऱ्याचे देता येईल; भारतात जाण्यासाठी निवडलेला दुसरा सहकारी आजारी पडताच इग्नेशियसचा शब्द शिरसावंद्य मानून १५४० मध्ये त्याने रोम सोडले व तो ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचला.