निवृत्त संकेतांचा मान

नाव बदलले की जुन्या नावाने लिहिलेल्या कागदांचे काय करायचे, हा प्रश्न सीमाभागाला नवा नाही. संगणकाच्या जगात तो तीन भाषांच्या बाबतीत तीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळला.

आयएसओ 639 या मानकानुसार भाषांना रोमन अक्षरांचे छोटे संकेत दिलेले असतात. मराठीचा संकेत 'एमआर'. 1989 मध्ये हिब्रूचा 'आयडब्ल्यू' जाऊन 'एचई' आला, इंडोनेशियनचा 'आयएन' जाऊन 'आयडी' आणि यिडिशचा 'जेआय' जाऊन 'वायआय'. मात्र त्यानंतर अवतरलेल्या जावा या संगणकभाषेने जुनेच संकेत धरून ठेवले. कोणी 'एचई' लिहिले, तरी जावा आतल्या आत त्याचा 'आयडब्ल्यू' करी. भाषांतरांच्या फायली जुन्या नावांनी साठत गेल्या आणि बदल दरवर्षी अधिक अवघड होत गेला. पुढे जावा मुक्तस्रोत झाली, तरी हा वारसा सुटला नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये जावा 17 आली आणि दिशा उलटली. आता 'आयडब्ल्यू' लिहिले, तरी 'एचई' मानले जाते. मात्र जुन्या नावाच्या फायलींचा शोध थांबवला गेला नाही. शिवाय ज्यांना पूर्वीचेच वर्तन हवे, त्यांच्यासाठी तसा पर्यायही ठेवण्यात आला. इंटरनेटवरील भाषासंकेतांच्या नोंदवहीचा नियमही असाच आहे. निवृत्त संकेतापुढे तसा शेरा आणि पर्यायी नवा संकेत लिहिला जातो; पण मूळ नोंद खोडली जात नाही आणि तो संकेत दुसऱ्या कोणत्याही भाषेला दिला जात नाही.

हा विवेक तांत्रिक असला, तरी त्याचे मर्म ऐतिहासिक आहे. वापरातून काढणे आणि पुसून टाकणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीने व्यवहार सुटसुटीत होतो; दुसरीने पूर्वी लिहिलेले वाचता येईनासे होते.

1 नोव्हेंबर 2014 रोजी 'बेळगाव'चे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. त्या निर्णयावरील आपला आक्षेप वेगळा आणि तो कायम आहे. पण संगणकीय अभिलेखांबाबत एक मागणी त्या वादाच्या पलीकडची आहे. 'बेळगाव' असे लिहून शोधणाऱ्याला त्या गावाचा प्रत्येक जुना कागद सापडलाच पाहिजे. परक्या भाषांच्या दोन अक्षरी संकेतांना जी हमी मिळते, ती आपल्या गावांच्या नावांना नाकारण्याचे कारण नाही.