आजीची दोन दारं

मद्रासच्या कारखान्यानं गाडीला मागची दोन दारं बसवली ती आमच्या आजीसाठी, असं आमच्या घरात पक्कं मानलेलं होतं. सांगणारी आजीच. तिनं सांगितल्यावर पुढं बोलायची कुणाची टाप नव्हती, आप्पांचीसुद्धा नाही.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. अँबॅसिडर आजच्या मुलांना निदान ऐकून ठाऊक असते, फियाट मुंबईच्या टॅक्सीमुळं लक्षात राहिली. हेरल्ड म्हटलं की समोरचा चेहरा कोरा. साठच्या दशकात मात्र मोटार घ्यायची तर या तिन्हींपैकीच एक घ्यावी लागे: कलकत्त्याजवळची अँबॅसिडर, कुर्ल्याची फियाट नाहीतर मद्रासची ही.

आजीला हेरल्ड म्हणता यायचं नाही. ती म्हणायची हिराबाई. आणि मिरजेत हिराबाई म्हणजे बडोदेकर! त्यांचा जन्मच इथला, १९०५ सालचा. त्यामुळं ‘हिराबाईला पाणी दाखवलं का रे?’ असं आजीनं स्वयंपाकघरातून विचारलं की नवखा पाहुणा चहाचा कप हातात घेऊन दचकायचा.

दारांची कथा अशी. आमच्या आधी शेजारच्या वकिलांकडं हेरल्ड आली होती, दोन दारांची. मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून, कमरेत वाकून आत शिरायचं. आजी नऊवारीतली, अंगानं भरभक्कम. कुठल्याशा मुंजीला (काकू म्हणते साखरपुड्याला) ती आत गेली खरी, पण उतरताना लुगड्याचा काठ सीटच्या बिजागरीत अडकला. वकिलीणबाई बाहेरून ओढतायत, आजी आतून ओरडतेय, वकीलसाहेब लाजून रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे. इरकलीचा काठ टरकला. घरी आल्यावर आजीनं निकाल दिला, “ज्याला मागं दार नाही ती गाडी नव्हे, तो कोनाडा.”

पुढं दोन-चार वर्षांनी चार दारांची हेरल्ड बाजारात आली आणि आप्पांनी ती घेतली. बाबा म्हणतात १९६९, कारण त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला. काकू म्हणते छे, माझ्या लग्नाचं वर्ष, १९७०. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. मला आठवतो तो फक्त रंग. मोरचुदासारखा निळा.

मोठेपणी या गाडीबद्दल हाताला लागेल ते वाचलं. विलायतेत ती ट्रायंफ हेरल्ड म्हणून १९५९ साली निघाली. चित्र काढलं इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्तीनं, बांधली कॉव्हेंट्रीच्या कंपनीनं. पण कंपनीची पंचाईत झाली होती: तिला पत्र्याचं अंग करून देणारा कारखाना तिच्याच प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला होता. एकसंध अंग घडवून देणारं कुणी मिळेना. मग तिनं खाली जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली आणि वरचं अंग ठिकठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी करून घेऊन नटबोल्टांनी जोडलं. आपल्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, त्यातलाच प्रकार. अशी सुटी होणारी गाडी परमुलखात पाठवून जोडायलाही सोपी. मद्रासला ती १९६१ पासून होऊ लागली आणि हळूहळू तिचे भागही इथलेच झाले. इंजिन ९४८ सीसीचं. विलायतेत ते पुढं मोठं होत गेलं, आपल्याकडं शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

आणि दारं? विलायतेत चार दारांची हेरल्ड कधी झालीच नाही. ती फक्त आपल्या देशात झाली. हे वाचलं तेव्हा मी आजीला मनातल्या मनात हात जोडले.

आम्हा पोरांना मात्र दारांचं काही नव्हतं, आमचा जीव बॉनेटवर. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की दिवे, मडगार्डांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढं कलायचं. मगरीनं आ वासावा तसं. मिस्त्री पुढच्या चाकावरच बैठक मारायचा, चहाचा कप शेजारी ठेवायचा आणि आरामात काम करायचा. आप्पा म्हणायचे, पेशंटही असेच उघडता आले असते तर! वळायलाही ती भारी चपळ, २५ फुटांत गिरकी घ्यायची. सतारमेकर गल्लीत आप्पा ती वळवायचे आणि बाहेर ठेवलेल्या एकाही भोपळ्याला धक्का लागायचा नाही.

तिचं दुखणं कमरेत. मागची दोन्ही चाकं आपापल्या दांड्यावर सुटी हलायची आणि दोघांना मिळून एकच आडवा पाटा. भार जास्त झाला की चाकं वरून आत झुकायची, खालून फाकायची. “डॉक्टरसाहेब, माणसं लई झाली की फेंगडी चालतीया,” मिस्त्री सांगायचा. आप्पा मान हलवायचे आणि पुढच्या खेपेला आणखी दोन माणसं भरायचे.

मे महिन्यात रत्नागिरीला जायचो, आजीच्या माहेरी. जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डबाभर भडंग. येताना हापूसच्या पेट्या. एका वर्षी सहा पेट्या भरल्या, वर फणस, आत आम्ही आठ जण. चूक सगळी आमचीच. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तशी हिराबाई वाफा टाकायला लागली. मागची चाकं अशी फाकली होती की गाडीनं फतकल मारल्यासारखं दिसत होतं. आप्पा उतरले, बॉनेट उघडलं, गप्प उभे राहिले. आजी आपल्या दारातून सावकाश उतरली. “ओझं कमी करा,” म्हणाली आणि तिनं पेटीच सोडली. रस्त्याकडेच्या दगडांवर बसून आम्ही कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर आंबे खाल्ले, कोयी दरीत भिरकावल्या. किती खाल्ले ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. बाबा सोळावर ठाम आहेत. तोवर इंजिन निवलं, आणि गाडी चढली.

मग १९७२ चा दुष्काळ आला, घरात लाल मिलोच्या भाकरी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी अरबांच्या युद्धानंतर पेट्रोल भडकलं. आप्पा व्हिजिटला पुन्हा सायकलवरून जायला लागले, हिराबाई ताडपत्रीखाली. तिकडं मद्रासला हेरल्डचीच गझेल निघाली होती, मागं सरळसोट एक्सल घातलेली, कारण जुनी सुटी चाकं आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना फारशी रुचली नव्हती. ती झालीच थोडी, १९७७ पर्यंत. मी उभ्या जन्मात एकच पाहिली, कोल्हापुरात. तीही गझेलच होती का, आता शपथेवर सांगवत नाही.

आमची गाडी शेवटी मिस्त्रीनंच नेली, सुट्या भागांसाठी. नेण्याआधी आप्पांनी मागची सीट काढून घेतली आणि सोप्यात भिंतीला लावली. आजी दुपारभर तिच्यावर बसून शेंगा फोडायची. चार वाजता चहाची हाक आली की मांडीवरची टरफलं झटकायची आणि उठताना तिचा डावा हात आपोआप बाजूला जायचा, दाराची मूठ शोधत.