योग आणि क्षेम : भारतीय मध्यमवर्गाच्या गुंतवणुकीचा व आरोग्यविम्याचा शब्देतिहास

भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हातील संस्कृत वचन भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतलेले आहे. महामंडळाच्या मुंबईतील मुख्यालयाचे ‘योगक्षेम’ हे नावही त्या वचनातील सामासिक शब्दावरूनच आले. शांकरभाष्यात या समासाची फोड स्पष्ट आहे. जे मिळालेले नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे म्हणजे क्षेम. आजच्या व्यवहारभाषेत पहिल्या पदाला गुंतवणूक म्हणावे लागेल आणि दुसऱ्याला विमा. गीतेत या दोन्हींचा भार वाहणारा एकच आहे. व्यवहारात मात्र हा भार वाहणाऱ्या संस्था वेगळ्या, त्यांचे कायदे वेगळे आणि त्यांची गणितेही वेगळी असतात. असे असूनही बचत करू लागलेल्या भारतीय कुटुंबाने दीर्घकाळ ही दोन पदे एकाच करारात शोधली. हा समास कसा घडला आणि आरोग्यविम्याने तो कसा सोडवला, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठी ‘विमा’, हिंदी ‘बीमा’, गुजराती ‘वीमो’ आणि कन्नड ‘विमे’ ही सगळी रूपे फारसीतून आलेली आहेत. त्यांच्या मुळाशी भीती या अर्थाचा ‘बीम’ हा शब्द सांगितला जातो. तमिळने मात्र रक्षणवाचक ‘काप्पु’पासून ‘काप्पीडु’ हा आपला शब्द घडवला. एकच व्यवहार एका भाषासमूहात भयाच्या बाजूने आणि दुसऱ्या भाषेत संरक्षणाच्या बाजूने नोंदला गेला, ही बाब तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. ‘हप्ता’ हा शब्दही फारसीच आहे. हिंदीत त्याचा आठवडा हा मूळ अर्थ टिकला. मराठीत तो ठरावीक मुदतीने भरावयाच्या रकमेचा वाचक झाला.

कल्पना मात्र शब्दाइतकी परकी नव्हती. देशी पेढ्यांच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ प्रचलित होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होत असे. म्हणजे कर्ज आणि विमा या दोहोंचे काम एकच कागद करी. महाराष्ट्रातील भिशी, तमिळनाडूतील चिट्टी आणि केरळमधील कुरी यांतही बचत व अडीनडीची सोय एकत्रच नांदत आली. समास करण्याची ही सवय महामंडळाने निर्माण केली नाही. तिला त्याने राज्यसंस्थेची मुद्रा दिली.

२. विश्वासाचे राष्ट्रीयीकरण

मुंबईत १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी लोकांचे आयुर्विमे सर्वसाधारण दराने उतरवण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी युरोपीय कंपन्या हिंदी आयुष्यासाठी जादा हप्ता घेत असत. माणसाच्या आयुष्याची किंमत वंशावरून ठरू नये, ही भूमिका त्या साध्या दरपत्रकात अनुस्यूत होती. पुढे खासगी कंपन्या वाढल्या, तसे गैरव्यवहारही वाढले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकुमाने २४५ देशी-विदेशी विमासंस्थांचा कारभार शासनाने हाती घेतला. गांधीवचनांचे संस्कृत रूपांतर करणारे चिंतामणराव देशमुख त्या वेळी अर्थमंत्री होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले.

दीडएक वर्षातच या विश्वासाची कसोटी लागली. महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचे प्रकरण फिरोज गांधी यांनी लोकसभेत मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याची जाहीर चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. क्षेमासाठी दिलेला पैसा योगाच्या वाटेवर कोणाच्या आदेशाने जातो, हा प्रश्न तेव्हा प्रथमच सर्वसामान्य विमेदारापुढे उघडपणे आला.

तेच कृष्णम्माचारी पुन्हा अर्थमंत्री झाल्यावर युनिट ट्रस्टचा कायदा १९६३ मध्ये संमत झाला आणि १९६४ मध्ये ‘युनिट ६४’ योजना विक्रीस आली. शेअरबाजाराची पायरी कधीही न चढलेल्या नोकरदाराला त्या बाजारात वाटा मिळावा, हा तिचा हेतू होता. परंतु युनिटचे खरेदी-विक्रीचे दर गुंतवणुकीच्या बाजारमूल्याशी बांधलेले नव्हते. ते संस्था जाहीर करीत असे. त्यामुळे मुळात जोखमीची असलेली ही वस्तू वाचकाला मुदतठेवीसारखी भासली. जुलै २००१ मध्ये युनिटची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली, तेव्हा निवृत्तिवेतनाची पूरक सोय म्हणून ती घेतलेल्यांना आपण काय विकत घेतले होते याचा अर्थ उशिरा लागला. हा प्रसंग नुसता आर्थिक नाही; एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाचाही तो प्रसंग आहे.

३. मेडिक्लेम : परत न येणारा हप्ता

आयुर्विम्याच्या मुदतीअखेर पैसे परत मिळतात, ही समजूत तीन दशकांत पक्की झाली होती. दरम्यान १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या होत्या. या चार सार्वजनिक कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. वर्षभरात आजार झाला नाही तर हप्ता परत नाही, हे त्याचे स्वरूप. ‘हप्ता फुकट गेला’ हा मराठी घरांत आजही ऐकू येणारा उद्गार या दोन कल्पनांच्या टकरीतून आला. आयुर्विम्याच्या निकषाने वाचले तर मेडिक्लेम हा तोट्याचा व्यवहार ठरतो. क्षेमाच्या निकषाने वाचले तर हप्ता फुकट जाणे हेच त्याचे इष्ट फळ होय.

त्याच सुमारास आयकर कायद्यात ८०डी हे कलम आले आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर करसवलत मिळू लागली. त्यामुळे अनेकांनी पॉलिसी घेतली ती आजाराच्या भयाने नव्हे, तर मार्चअखेरच्या पावतीसाठी. ‘मेडिक्लेम’ हे एका योजनेचे नाव हळूहळू सामान्यनाम होऊन बहुतेक भारतीय भाषांत रुळले. मराठीत विमा ‘उतरवला’ जातो, मेडिक्लेम मात्र ‘काढला’ जातो, दाखला किंवा रेशनकार्ड काढावे तसा. कागद हाती असणे म्हणजे संरक्षण असणे, असा समज या क्रियापदात दडलेला आहे.

१९९९ च्या नियामक कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. २००१ मध्ये दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थांना मान्यता मिळून ‘कॅशलेस’ हा शब्द रुग्णालयाच्या खिडकीवर पोहोचला. केवळ आरोग्यविमा देणारी पहिली कंपनी २००६ मध्ये उभी राहिली. या सर्व वाटचालीत कराराची भाषा प्रायः इंग्रजी राहिली. ‘पूर्वीपासून असलेला आजार’, ‘प्रतीक्षाकाळ’, ‘खोलीभाड्याची मर्यादा’ या संज्ञांशी विमेदाराची गाठ बहुधा रुग्ण दाखल झाल्यावरच पडते. मुळात शांत चित्ताने वाचावयाची संहिता तो सर्वांत अस्वस्थ घटकेला वाचतो.

४. समासाचा विग्रह

समास कोणाच्या अधिकारात, हा वाद २०१० मध्ये अक्षरशः उभा राहिला. बाजारमूल्याशी निगडित विमा योजना, म्हणजे युलिप, या मूलतः गुंतवणूक आहेत असे सांगून ९ एप्रिल २०१० रोजी सेबीने १४ विमा कंपन्यांना प्रतिबंध केला. दुसऱ्याच दिवशी विमा नियामकाने कंपन्यांना व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. अखेर जूनमधील वटहुकुमाने त्या योजना विम्याच्या कक्षेत ठेवल्या. विग्रहाचा प्रश्न असा आदेशाने मिटला. नवख्या गुंतवणूकदाराच्या मनातील संभ्रम त्याने मिटला नाही.

पुढील काळ दोन्ही पदांना स्वतंत्र करीत गेला. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना म्युच्युअल फंड घेण्याची सोय झाली. विम्याच्या बाजूस, पूर्वीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत ८०डीची सवलत नाही. म्हणून ती स्वीकारणाऱ्याला मेडिक्लेम आता पावतीसाठी नव्हे, त्याच्या स्वतःच्या अर्थासाठीच घ्यावा लागतो.

या विवेकाची गरज आकडेवारीतून दिसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरीही उरलेला भार थोडा नाही. ज्या घरात दरमहा निष्ठेने फंडाचा हप्ता जातो, परंतु आरोग्यविमा नाही, तेथे एका शस्त्रक्रियेसाठी नेमक्या पडत्या बाजारात युनिटे मोडावी लागतात. अनेक वर्षांचा योग क्षेमाच्या अभावी आठवड्यात संपतो.

समासात योग आधी येतो आणि क्षेम नंतर. अर्थाच्या दृष्टीनेही तो क्रम बरोबर आहे, कारण मिळाल्यावाचून राखणार काय? परंतु मासिक वेतनावर जगणाऱ्या कुटुंबाजवळ राखण्याजोगे काहीतरी पहिल्या दिवसापासूनच असते. ते म्हणजे मिळवत्या माणसाचे शरीर. बचतीच्या भारतीय इतिहासाने हे पद दीर्घकाळ दुसऱ्या स्थानी ठेवले, आणि त्याची किंमत रुग्णालयाच्या खिडकीवर चुकवली गेली.