मत नाही, पण अत्तर घ्या!

हल्ली मोजक्या शौकिनांसाठी बनणाऱ्या महागड्या परफ्यूमचं फॅड आहे. शहरातली रात्र, बार, जॅझ, सिगारेटचा धूर, सगळं म्हणे एका बाटलीत. लोकांना वाटतं ही नवी कल्पना आहे. नाही हो, शंभर वर्षं जुनी आहे. आणि तिच्यामागे राजकारणही आहे.

साल १९१९, शहर पॅरिस. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. पुरुष आघाडीवर असताना बायकांनी कारखाने चालवले होते. आता त्यातल्या काही जणी केस आखूड कापून रात्री बाहेर पडू लागल्या, चारचौघांत सिगारेट ओढू लागल्या. अत्तरवाल्यांनी हे बरोबर हेरलं. 'कारों' कंपनीच्या एर्नेस्ट डाल्ट्रॉफने त्याच वर्षी 'ताबा ब्लों' काढलं. बायकांसाठीचं अत्तर, पण वास चामड्याचा आणि तंबाखूचा! १९२१ मध्ये 'मोलिनार'चं 'हाबानिता' आलं. ते सुरुवातीला अंगाला लावायचं नव्हतंच, सिगारेटला लावायचं होतं. काचेच्या काडीने थेंब फिरवला की धूर सुगंधी. अर्थात ही चैन पैसेवालींचीच.

आता त्याच बायकांचं संसदेत काय झालं बघा.

१९१९ मध्येच फ्रान्सच्या खालच्या सभागृहाने महिलांच्या मताधिकाराला मंजुरी दिली. वरच्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, ते प्रकरण तीन वर्षं लटकवलं आणि १९२२ मध्ये फेटाळलं. मधल्या काळात, १९२० मध्ये, गर्भनिरोधाचा प्रचार करणं कायद्याने गुन्हा ठरलं. मनासारखं जगणाऱ्या तरुणीवर 'ला गार्सोन' ही कादंबरी लिहिली म्हणून व्हिक्टर मार्ग्रित यांचा सरकारी सन्मान काढून घेतला गेला.

गंमत म्हणजे १९२१ मध्ये आपल्या मुंबई प्रांतात मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या बायकांना प्रांतिक निवडणुकीत मताचा हक्क मिळाला होता. तोही गुलामीत असताना! पॅरिसच्या बाईला मताधिकार मिळाला १९४४ मध्ये, प्रत्यक्ष मतदान १९४५ मध्ये. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करायला आणि स्वतःच्या नावावर बँक खातं उघडायला तर १९६५ उजाडावं लागलं.

बाजाराला तिच्यात गिऱ्हाईक लगेच दिसलं. सरकारला तिच्यात नागरिक दिसायला पंचवीस वर्षं लागली.

त्यामुळे एखादी वस्तू 'स्वातंत्र्य' म्हणून कुणी विकायला आला, तर आवडली तर जरूर घ्या. वास खरंच छान असतो. पण कायद्यात काय लिहिलंय, तेही एकदा बघून घ्या.