नकारातून घडलेला 'परम' : सी-डॅकमधील संशोधन आणि करिअरच्या संधी

सरकारी नोकरी म्हणजे स्थैर्य आणि नवे तंत्रज्ञान म्हणजे खासगी कंपनी, अशी सोपी विभागणी सुशिक्षित मध्यमवर्गाने फार पूर्वीच करून टाकली आहे. ही विभागणी किती अपुरी आहे, हे पाहायचे असेल तर पुण्यातील 'सी-डॅक' अर्थात प्रगत संगणन विकास केंद्राचा इतिहास जाणून घ्यायला हवा. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो दोन कारणांसाठी वाचावा. सार्वजनिक क्षेत्रात संशोधन कशासाठी होते, हे त्यातून कळते आणि तेथे जाणाऱ्याने कोणती तयारी ठेवावी, हेही उमगते.

पार्श्वभूमी

ऐंशीच्या दशकात भारताला हवामानाचा अंदाज आणि वैज्ञानिक संशोधनासाठी महासंगणकाची गरज भासू लागली. अशी यंत्रे बनविण्यात अमेरिकेतील 'क्रे' ही कंपनी अग्रेसर होती. हवामान खात्याच्या कामासाठी एक क्रे यंत्र कडक अटींवर मिळाले. मात्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक शक्तिशाली यंत्र अमेरिकेने दिले नाही. अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रांच्या रचनेसाठी त्याचा वापर होईल, अशी शंका त्यामागे होती.

या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या अखत्यारीत पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिचे नेतृत्व सोपविण्यात आले. मुदत होती तीन वर्षांची. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

वेगळी वाट

एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याच्या मार्गाने क्रेशी स्पर्धा करणे त्या वेळी शक्य नव्हते. सी-डॅकच्या अभियंत्यांनी समांतर संगणनाचा मार्ग स्वीकारला. बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक, त्या काळी 'ट्रान्स्प्युटर', परस्परांना जोडायचे, मोठ्या गणिताचे तुकडे करून ते त्यांच्यात वाटून द्यायचे आणि उत्तरे एकत्र आणायची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. यात कस लागतो तो जोडणीचा आणि कामाची वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. आज जगातील सर्वच मोठे महासंगणक याच तत्त्वावर चालतात.

महासंगणकाबरोबरच भारतीय भाषांचे कामही सी-डॅकमध्ये झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान येथे विकसित झाले. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना 'सुरेख', 'योगेश' हे टंक आठवत असतील. तेही याच संस्थेचे.

आजचे कार्य

२०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानास ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली. सी-डॅक व भारतीय विज्ञान संस्था यांच्यावर त्याची जबाबदारी आहे. २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत 'परम शिवाय' सुरू झाला. पुण्याच्या 'आयसर'मध्ये 'परम ब्रह्म' बसविण्यात आला. २०२० मध्ये 'परम सिद्धी-एआय'ने जगातील ५०० अव्वल महासंगणकांच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळविला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' यंत्रणा राष्ट्राला अर्पण करण्यात आल्या. त्यांतील सर्व्हरची रचना देशात झाली आहे. मुख्य प्रक्रियक मात्र अद्याप परदेशी कंपन्यांचेच वापरले जातात. ही उणीव भरून काढण्यासाठी तिरुवनंतपुरम केंद्रात 'वेगा' या प्रक्रियकांच्या मालिकेवर काम झाले आहे.

'ई-संजीवनी' ही दूरवैद्यक सेवा मोहाली केंद्राने विकसित केली, तर ११२ क्रमांकाच्या आपत्कालीन सेवेच्या यंत्रणेत तिरुवनंतपुरम केंद्राचा मोठा वाटा आहे.

प्रवेशाचे मार्ग

संगणक, माहिती तंत्रज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स शाखांतील अभियांत्रिकी पदवीधर तसेच एमसीए झालेल्यांना येथे प्रामुख्याने संधी असते. भरतीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. वैज्ञानिक श्रेणीतील नियमित पदे मोजकी असतात. 'प्रोजेक्ट असोसिएट', 'प्रोजेक्ट इंजिनीअर' यांसारखी पदे कंत्राटी, ठराविक मुदतीची आणि प्रकल्पाशी निगडित असतात. संस्था सरकारी आहे एवढ्यावरून नोकरी कायम आहे, असे गृहीत धरू नये. जाहिरातीतील मुदत, मुदतवाढीच्या अटी आणि प्रकल्पाचे स्वरूप अर्ज करण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

संस्थेचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा वेगळा विषय आहे. सुमारे सहा महिन्यांच्या या पूर्णवेळ अभ्यासक्रमांना 'सी-कॅट' या सामाईक परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. ही परीक्षा वर्षातून दोन वेळा होते. सी-प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, तर्कक्षमता व इंग्रजी यांची तयारी त्यासाठी आवश्यक असते. या पदविकेमुळे सी-डॅकमध्ये नोकरी मिळतेच असे नाही. बहुतेक विद्यार्थी खासगी कंपन्यांत जातात.

कोणी विचार करावा?

वेतनाची झपाट्याने होणारी वाढ हा ज्यांचा मुख्य निकष आहे, त्यांनी खासगी क्षेत्र निवडणे रास्त ठरेल. ज्यांना संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे प्रक्रियकांची जोडणी, प्रणाली सॉफ्टवेअर व भाषा तंत्रज्ञान यांत काम करावयाचे आहे, त्यांना अशी दालने देशात फार थोड्या ठिकाणी उघडी आहेत. तेथील उमेदवारीत हाती आलेले कौशल्य कंत्राट संपले तरी सोबत राहते. प्रश्न संस्थांपुढेही आहे. अनुभवी अभियंते मुदत संपताच बाहेर पडत राहिले, तर दीर्घकाळ चालणारे संशोधन पुढे कोण नेणार? १९८८ च्या नकाराला तीन वर्षांत उत्तर मिळाले, ते एका ध्येयासाठी एकत्र टिकून राहिलेल्या चमूमुळे. पुढचा नकार केव्हा आणि कशासाठी येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा असा चमू मात्र तयार असावा लागेल.