सगळेच ‘मोझिला’ कसे झाले?

आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला ब्राउझर पलीकडच्या सर्व्हरकडे पान मागताना स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला यूजर-एजंट म्हणतात. मागणारा मोबाइल आहे की टेबलावरचा संगणक, हे सर्व्हर पुष्कळदा या ओळीवरूनच ठरवतो. चुकला तर तळहाताएवढ्या पडद्यावर भलेमोठे पान येऊन पडते.

ही ओळ तपासण्याचे साधन मात्र महाजालाहून जुने आहे. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स यांनी चेतापेशींचे गणिती प्रारूप मांडले. अशा पेशींचे जाळे संकेतांचे कोणते क्रम ओळखू शकते, याचा विचार १९५१ साली स्टीफन क्लेनी करीत होते. असे क्रम लिहिण्यासाठी त्यांनी एक बीजगणिती रीत बसवली. तीच रेग्युलर एक्सप्रेशन. १९६८ साली केन टॉमसन यांनी ती मजकुरातील शब्द शोधण्याच्या कामाला जुंपली.

रीत अवघड नाही. ‘आयफोन|अँड्रॉइड.*मोबाइल’ हे सूत्र पाहा. (प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत असतात.) उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि तारा म्हणजे आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा. म्हणजे ओळीत ‘आयफोन’ असेल, किंवा ‘अँड्रॉइड’ आणि त्यापुढे कुठेतरी ‘मोबाइल’ असेल, तर सूत्र जुळते. अँड्रॉइड टॅब्लेटच्या ओळीत ‘मोबाइल’ सहसा नसतो, म्हणून तो आपोआप वगळला जातो.

सूत्र चोख आहे, पण साक्षीदार? १९९४ साली आलेला नेटस्केपचा ब्राउझर स्वतःला ‘मोझिला’ म्हणवी. काही सर्व्हर हा शब्द पाहूनच सजवलेली पाने देत. तेव्हा १९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही आपण ‘मोझिला’ असल्याचे सांगून टाकले आणि खरे नाव कंसात घातले. पुढे सफारी (२००३) आणि क्रोम (२००८) यांनीही तेच केले. क्रोमच्या ओळीत आजही मोझिला, गेको, सफारी ही सारी नावे सुखाने नांदतात. आम्हांला यात लबाडीपेक्षा नाइलाजच अधिक दिसतो. खरे बोलणाऱ्याच्या वाट्याला साधे पान येत असेल, तर दुसरे काय होणार?

नावाऐवजी पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी, असे ईथन मार्कॉट यांनी २०१० साली सुचवले आणि ते रूढही झाले. तरी नाव शोधणारी सूत्रे राहिलीच. २०१९ साली आयपॅडओएस १३ आल्यावर बहुतेक आयपॅड सफारीतून ‘मॅकिंटॉश’ अशी ओळख देऊ लागले. ‘आयपॅड’ शोधणारी सूत्रे पूर्वीसारखीच बिनचूक चालत राहिली, उत्तर तेवढे चुकू लागले. २०२३ साली क्रोमने अँड्रॉइड फोनचे मॉडेलही ओळीतून काढले. त्या जागी आता नुसते ‘के’ हे अक्षर असते.