फलकावरचे रंग

आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी आमच्या वेळापुरास मुक्कामाला असते. फ्लेक्स येण्यापूर्वी त्या दिवसांत आमचे पेंटर दुकानांचे फलक रंगवीत. अक्षरांचे पैसे घेत. कोपऱ्यातला विठोबा फुकट! शाळेच्या भिंतीवर त्यांनी काढलेली दिंडी गेल्या साली रंगसफेदीत गेली. "पुसून टाका" म्हणणारा मीच.

वाचकहो, येथून जवळच पंढरपुरात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. तरुणपणी मुंबईत ते सिनेमाचे अजस्र फलक चौरस फुटाला काही आणे, अशा दराने रंगवीत. खेळ बदलला की फलक उतरे. ते कोण जपणार? जाहिरातीला का कोणी चित्र म्हणतो!

१९५४ साली त्याच हाताने 'ग्रामयात्रा' रंगविले. त्यात दळणारी बाई आहे, बैलगाडी आहे, शेतकरी आहे. एका परदेशी डॉक्टरांनी ते घेतले आणि पुढे कित्येक वर्षे ते ओस्लोच्या इस्पितळात टांगलेले होते. २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यालाच शंभर कोटींहून अधिक रुपये आले. चित्रात तसूभर फरक पडला नव्हता. मधल्या काळात हुसेनांभोवती प्रदर्शने, पुस्तके, संग्राहक, वादही उभे राहिले. आणि मुख्य म्हणजे, ते चित्र कोणी पुसले नव्हते.

परवा पेंटरांना गाठले. "दिंडी पुन्हा काढाल का?"

"काढतो की, गुरुजी. पण या खेपेला खाली सही घालणार."